बेंच सप्लाय आणि स्कोप एकत्र जोडल्यावर शंटचे वाचन कोसळते: दोष कुठे शोधावा?

मानेवाडा_बेंच :

नमस्कार. घराच्या पहिल्या मजल्यावर मागाहून बांधलेल्या खोलीत मी इलेक्ट्रॉनिक्सच्या कामासाठी एक टेबल मांडले आहे. त्यावर ० ते ३० व्होल्ट, ३ अँपिअरचा दोन चॅनेलचा लिनिअर बेंच सप्लाय, दोन चॅनेलचा १०० मेगाहर्ट्झचा डिजिटल ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा तरंग पडद्यावर दाखवणारा, पुढे नुसता स्कोप), सोल्डरिंग स्टेशन आणि लॅपटॉप आहे. ही सगळी उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चालतात आणि तो बोर्ड भिंतीतील एका सॉकेटमध्ये लावलेला आहे.

सध्या मी कूलरच्या १२ व्होल्ट डीसी पंपाचा वेग कमीजास्त करणारे एक छोटे सर्किट तयार करत आहे. प्रवाह मोजण्यासाठी सर्किटचा ग्राउंड आणि सप्लायचे ऋण टर्मिनल यांच्यामध्ये १ ओहमचा शंट रोध बसवला आहे. पंप पूर्ण वेगाने चालवला की सप्लायच्या मीटरवर ०.५ अँपिअर दिसतात. स्कोपच्या पहिल्या चॅनेलच्या प्रोबची (मापनाच्या तारेची) ग्राउंड क्लिप सप्लायच्या ऋण टर्मिनलला आणि टोक सर्किटच्या ग्राउंडला लावल्यास अपेक्षेप्रमाणे ५०० मिलिव्होल्ट मिळतात. मात्र पंप चालू-बंद करणाऱ्या मॉस्फेट ट्रान्झिस्टरच्या गेटवरील (नियंत्रण टोकावरील) तरंग पाहण्यासाठी दुसरा प्रोब जोडला, म्हणजे त्याचे टोक गेटला आणि क्लिप सर्किटच्या ग्राउंडला लावली, की पहिल्या चॅनेलचे वाचन एकदम ८० मिलिव्होल्टच्या आसपास येते. पंप तसाच चालू राहतो आणि सप्लायच्या मीटरवरील आकडाही जवळजवळ तोच राहतो. दुसरा प्रोब काढला की वाचन पूर्ववत होते. प्रोबांची अदलाबदल केली, तरी वागणूक तीच आहे.

याशिवाय आणखी एक त्रास आहे. स्कोपच्या, प्रोब जोडण्याच्या बीएनसी सॉकेटच्या धातूच्या कड्याला हाताची मागची बाजू लागली की मुंग्या आल्यासारखे वाटते. सोल्डरिंग स्टेशनच्या टोकालाही कधीकधी तसेच जाणवते. स्कोपच्या प्लगची तिसरी, म्हणजे अर्थची मोठी पिन काढून टाकल्यास दोन्ही त्रास जातील, असे एका परिचित दुरुस्ती करणाऱ्यांनी सांगितले. तसे करण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हा धागा काढला आहे.

दोनशेतीस :

परिचितांनी सांगितलेला उपाय अगदीच निराधार नाही. पिक्चर ट्यूबच्या टीव्हींच्या काळात एसएमपीएसचा (स्विचिंग पॉवर सप्लायचा) प्राथमिक, म्हणजे थेट मेन्सला जोडलेला भाग पाहायचा असेल, तर स्कोपची अर्थ पिन मोकळी ठेवणे ही कारखान्याबाहेरच्या दुरुस्तीत सर्रास चालणारी गोष्ट होती. आम्हीही तसेच शिकलो. एक हात खिशात ठेवायचा आणि पायाखाली रबरी चटई असायची. तुमचा सप्लाय तर अवघ्या १२ व्होल्टचा आहे.

निवृत्त_परीक्षण :

दोनशेतीस यांनी वर्णन केलेली पद्धत प्रचलित होती, हे खरे आहे. मात्र ती प्रचलित असण्याचे कारण एवढेच, की वस्तूला मेन्सपासून विद्युतदृष्ट्या अलग करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर महाग होता आणि पिन तोडणे फुकट होते. पिन तोडलेल्या स्कोपची क्लिप ज्या बिंदूला लागते, त्या बिंदूचे व्होल्टेज स्कोपच्या सर्व उघड्या धातूवर येते. त्यात बीएनसीचे कडे, मागचे स्क्रू, यूएसबीचे तोंड आणि दुसऱ्या प्रोबची क्लिपही आली. टीव्हीच्या प्राथमिक बाजूस दिष्टीकरणानंतर ३०० व्होल्टहून अधिक डीसी असते. हाताळायचे उपकरणच जिवंत करून ठेवणे ही दुरुस्तीची पद्धत म्हणून नव्या माणसाला शिकवू नये. तेथे योग्य रीत अशी, की आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर दुरुस्तीची वस्तू चालवावी आणि स्कोपचे अर्थिंग कायम ठेवावे.

१२ व्होल्टच्या सर्किटात धोका नाही, हेही अर्धेच खरे आहे. पिन काढल्यावर धोका सर्किटातून येत नाही, तो स्कोपच्या स्वतःच्या पॉवर सप्लायमधून येतो. आजच्या बहुतेक स्कोपमध्ये एसएमपीएस असतो, त्याच्या तोंडाशी फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे विद्युत गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर (वाय कपॅसिटर) असतात आणि अर्थ मोकळा झाला की दोघांच्या मधला बिंदू, म्हणजे उपकरणाचे शरीर, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगते. धागाकर्त्यांना ज्या मुंग्या येत आहेत, त्यांचे वर्णन तंतोतंत याच अवस्थेशी जुळते. त्यामुळे माझा संशय असा आहे, की पिन तोडण्याची गरजच उरलेली नाही. त्या सॉकेटमध्ये अर्थ आधीपासूनच नसावा.

ताम्रतार :

परीक्षणकाकांचा संशय मलाही योग्य वाटतो. मात्र शंटचे वाचन कोसळणे आणि मुंग्या येणे हे दोन स्वतंत्र दोष आहेत आणि ते वेगळे ठेवूनच शोधावे लागतील. एकाच वेळी दिसतात म्हणून त्यांचे कारण एकच असेल असे धरले, तर एक दोष दुरुस्त झाल्यावर दुसरा का गेला नाही याचा उलगडा होत नाही.

शंटचे कोडे सोपे आहे. साध्या टेबलावरील स्कोपमध्ये सर्व चॅनेलच्या क्लिपा आतून एकमेकींना आणि प्लगच्या तिसऱ्या पिनेला जोडलेल्या असतात. आपण पहिली क्लिप शंटच्या एका टोकाला आणि दुसरी क्लिप त्याच शंटच्या दुसऱ्या टोकाला लावली आहे. म्हणजे १ ओहमच्या शंटला समांतर असा दोन क्लिपांच्या तारांचा रस्ता तयार झाला. त्या तारांचा एकूण रोध ०.२ ओहम धरला, तर १ आणि ०.२ यांचा समांतर रोध सुमारे ०.१७ ओहम येतो आणि ०.५ अँपिअरला त्यावर ८३ मिलिव्होल्ट पडतात. आपल्याला ८० दिसत आहेत. सप्लायच्या मीटरवरचा आकडा बदलत नाही, हाच या निदानाचा सर्वांत चांगला पुरावा आहे. प्रवाह कमी झालेला नाही, त्याचा मोठा भाग स्कोपच्या क्लिपांमधून जात आहे. येथे प्रवाह अर्ध्या अँपिअरचा होता म्हणून काही बिघडले नाही. हीच क्लिप चुकून १२ व्होल्टच्या धन रेषेला लागली असती, तर सप्लायने करंट लिमिटचा दिवा लावला असता. सप्लायऐवजी लेड ॲसिड बॅटरी असती, तर प्रोबची तार जळाली असती.

आता पुढे जाण्यापूर्वी सर्व प्लग बोर्डातून काढून, मल्टिमीटर ओहमवर ठेवून काही मापे घ्यावीत: दोन्ही क्लिपांमधला रोध, बीएनसीचे कडे ते स्कोपच्या प्लगची मोठी पिन, सप्लायचे ऋण टर्मिनल ते हिरवे (अर्थचे) टर्मिनल, आणि हिरवे टर्मिनल ते सप्लायच्या प्लगची मोठी पिन. सप्लायच्या पुढच्या बाजूस ऋण आणि हिरवे टर्मिनल जोडणारी धातूची पट्टी आहे का, तेही पाहावे. त्यानंतर भिंतीतील सॉकेटवर एसी व्होल्टेज तिन्ही जोड्यांमध्ये मोजावे.

मानेवाडा_बेंच :

विस्तृत उत्तराबद्दल आभार. मापे पुढीलप्रमाणे आहेत. दोन्ही क्लिपांमध्ये ०.२ ओहम. बीएनसीचे कडे ते स्कोपची मोठी पिन ०.२ ओहम. सप्लायचे ऋण ते हिरवे टर्मिनल ०.१ ओहम, कारण दोन्ही चॅनेलवर पट्ट्या लावलेल्या आहेत. सप्लाय आला तेव्हापासूनच त्या तशाच होत्या. हिरवे टर्मिनल ते प्लगची पिन ०.२ ओहम.

भिंतीतील सॉकेटवर फेज ते न्यूट्रल २३१ व्होल्ट मिळाले. फेज ते अर्थ सुमारे १४० आणि न्यूट्रल ते अर्थ सुमारे ९०, पण हे दोन्ही आकडे स्थिर राहत नाहीत. बोर्डावर काय लावले आहे त्यानुसार ते बदलतात.

लघुमंडल :

न्यूट्रल ते अर्थ ९० व्होल्ट म्हणजे अर्थ मोकळा आहे, यात शंका नाही. मात्र मग माझा एक प्रश्न आहे. अर्थच मोकळा असेल, तर सप्लायच्या पट्टीचा विचार करण्याचे कारण उरत नाही, कारण पट्टीतून निघालेल्या प्रवाहाला परत येण्यासाठी रस्ताच नाही. म्हणजे या टेबलावर ग्राउंड लूप (अर्थच्या तारांतून बंद होणारा प्रवाहाचा रस्ता) असूच शकत नाही. शंटच्या कोड्याचे उत्तर दोन क्लिपांमध्ये मिळाले, तेवढे पुरेसे आहे.

ताम्रतार :

हा समज फार ठिकाणी आढळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लूप बंद होण्यासाठी जमिनीची गरज नसते. स्कोपच्या प्लगची मोठी पिन आणि सप्लायच्या प्लगची मोठी पिन एक्स्टेंशन बोर्डाच्या आत एकाच पितळी पट्टीला लागतात. ती पट्टी पुढे भिंतीतल्या तारेपर्यंत पोहोचते की नाही, याने त्या दोघींमधील जोडणीत काहीच फरक पडत नाही. धागाकर्त्यांनी पहिला प्रोब पूर्णपणे काढून, फक्त दुसऱ्या प्रोबची क्लिप सर्किटच्या ग्राउंडला लावावी आणि शंटवरचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे. सर्किटचा ग्राउंड, क्लिप, स्कोपचे शरीर, बोर्डातील पट्टी, सप्लायचे हिरवे टर्मिनल, धातूची पट्टी आणि ऋण टर्मिनल असा रस्ता तरीही शाबूत असेल. वाचन ८० पर्यंत उतरणार नाही, कारण हा रस्ता लांब आहे, पण ५०० सुद्धा राहणार नाही.

मानेवाडा_बेंच :

मोजले. फक्त दुसरी क्लिप लावल्यावर शंटवर मल्टिमीटर १९० मिलिव्होल्ट दाखवतो. सप्लायची पट्टी काढल्यावर तेच वाचन ५०० होते. सर्किट प्रोग्राम करण्यासाठी लावलेली लॅपटॉपची यूएसबी केबल जोडली आणि पट्टी परत बसवली, तर स्कोपच्या दोन्ही क्लिपा मोकळ्या असतानाही वाचन खाली येते, हे विशेष वाटले. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला की वाचन पुन्हा ५०० होते.

लघुमंडल :

पटले. १९० मिलिव्होल्टवरून समांतर रस्त्याचा रोध सुमारे ०.६ ओहम येतो आणि आपण दिलेल्या मापांची बेरीजही त्याच्या जवळपास जाते. लॅपटॉपच्या तीन पिनेच्या चार्जरमधूनही अर्थ यूएसबीच्या ग्राउंडपर्यंत पोहोचतो, हे मी गृहीत धरले नव्हते.

बुटीबोरी_देखभाल :

मी कारखान्यातील विद्युत देखभालीचे काम पाहतो. आपल्या चर्चेत थोडा व्यत्यय आणतो, पण टेबलावरचे सर्किट आता काही काळ बाजूला ठेवावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. अर्थ मोकळा असलेल्या सॉकेटवर चार उपकरणे एकत्र जोडलेली आहेत. एका २.२ नॅनोफॅरडच्या वाय कपॅसिटरमधून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला सुमारे ०.१६ मिलिअँपिअर प्रवाह जातो. एका उपकरणाचा एवढा प्रवाह बहुधा जाणवतही नाही. मात्र बोर्डातील अर्थची पट्टी सर्वांना समाईक असल्याने स्कोप, लॅपटॉपचा चार्जर आणि अशी आणखी उपकरणे यांच्या गळतीची बेरीज होते. माणसाला साधारण अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास स्पर्श जाणवू लागतो. आपण त्या पातळीवर आहात. या मुंग्या स्वतः घातक नाहीत. मात्र त्या सांगत आहेत, की यांपैकी एखाद्या उपकरणात उद्या फेजची तार शरीराला लागली, तर फ्यूज किंवा एमसीबी पडणार नाही आणि बोर्डावरील प्रत्येक उपकरणाचे शरीर २३० व्होल्टवर जाईल.

मुख्य प्रश्न मात्र वेगळा आहे. हा खोलीपुरता दोष आहे की संपूर्ण घराचा? घरात लोखंडी पत्र्याचा कूलर आहे का, आणि तो कोणत्या सॉकेटवर चालतो?

मानेवाडा_बेंच :

कूलर आहे. याच खोलीच्या खिडकीला तो लावलेला आहे आणि शेजारच्या सॉकेटवर चालतो. पंप सुरू असताना त्याच्या पत्र्याला टेस्टर लावल्यास टेस्टर उजळतो. पाणी भरताना बटण बंद करायचे, असा घरात नियम आहे.

बुटीबोरी_देखभाल :

कृपया कूलरचा प्लग आत्ताच काढून ठेवावा. बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत असेल, तर बंद कूलरही जिवंत राहतो. पाण्यात बुडालेला पंप, ओला पत्रा, ओली फरशी आणि मोकळा अर्थ यांची जुळणी नागपूरच्या उन्हाळ्यात घरोघरी होते आणि कूलरच्या झटक्याने माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

टेस्टर उजळण्याचा अर्थ लावताना थोडी सावधगिरी हवी. तो वाय कपॅसिटरच्या गळतीनेही उजळतो आणि पंपाच्या वाइंडिंगच्या खऱ्या गळतीनेही. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी पत्रा आणि खात्रीचा न्यूट्रल यांच्यामध्ये मल्टिमीटरला समांतर असा १० किलोओहमचा, किमान १० वॉटचा रोध लावून व्होल्टेज पाहता येते. कपॅसिटरची गळती असेल, तर व्होल्टेज काही व्होल्टांपर्यंत कोसळते. खरी गळती असेल, तर ते बऱ्याच अंशी टिकून राहते. मात्र हे काम ज्याला जिवंत तारांवर काम करण्याचा सराव आहे, त्यानेच करावे.

दोनशेतीस :

अर्थ तपासण्यासाठी एवढ्या मापांची गरज काय? फेज आणि अर्थच्या भोकात १०० वॉटचा बल्ब लावावा. तो पूर्ण प्रकाशात लागला तर अर्थ चांगला, मंद लागला तर कमकुवत आणि लागलाच नाही तर अर्थ नाही. वायरमन लोक असेच पाहतात.

निवृत्त_परीक्षण :

बल्बची परीक्षा उपयोगी आहे, पण तिच्यात एक सापळा आहे. अर्थ जेथे तुटला आहे, त्याच्या अलीकडे, म्हणजे सॉकेटच्या बाजूला, जी उपकरणे जोडलेली असतील, त्यांची सर्व शरीरे त्या बल्बमधून थेट फेजला जोडली जातात. बल्ब विझलेला दिसतो आणि त्याच क्षणी कूलरचा पत्रा २३० व्होल्टवर असतो. थंड अवस्थेत १०० वॉटच्या बल्बचा रोध जेमतेम ४० ते ५० ओहम असतो, त्यामुळे तो संरक्षण म्हणून काहीच कामाचा नाही. बल्ब लावायचाच असेल, तर आधी त्या सर्किटवरील प्रत्येक प्लग काढावा. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती प्रवाह आढळताच वीज तोडणारा स्विच) असलेल्या घरात ही परीक्षा करताच तो पडणार, कारण बल्बमधून ०.४ अँपिअरहून अधिक प्रवाह जातो.

बल्ब एक गोष्ट मुळीच सांगू शकत नाही. कोणी सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून ठेवले असतील, तर बल्ब उत्तम प्रकाशात लागतो.

मानेवाडा_बेंच :

वायरमनला बोलावले होते. स्विच बोर्ड उघडल्यावर असे आढळले, की खालच्या मजल्यावरून या खोलीत फक्त दोनच तारा आलेल्या आहेत आणि सॉकेटच्या अर्थच्या टर्मिनलला काहीही जोडलेले नाही. नवी तार ओढण्यासाठी भिंत फोडावी लागेल, त्यापेक्षा सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थला एक छोटी तार देऊ, मग टेस्टर उजळणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. परीक्षणकाकांनी नेमका हाच प्रकार वर सांगितला असल्याने मी काम थांबवले आहे. यात नक्की काय बिघडते?

बुटीबोरी_देखभाल :

थांबवलेत हे उत्तम केलेत. त्या छोट्या तारेने टेस्टर उजळणार नाही, मुंग्याही थांबतील आणि म्हणूनच ती अधिक घातक आहे. वरच्या मजल्याकडे येणारी न्यूट्रलची तार कुठेही सैल झाली किंवा तुटली, तर पंखा वा दिवा यांच्यातून आलेला फेज त्या छोट्या तारेद्वारे कूलरच्या पत्र्यावर, स्कोपच्या कड्यावर आणि लॅपटॉपच्या शरीरावर पोहोचेल. खाली कोणी दुरुस्ती करताना फेज आणि न्यूट्रल उलटे लावले, तर मध्ये दिवासुद्धा लागणार नाही, थेट फेजच येईल. शिवाय पुढे अर्थची तार आणून आरसीसीबी बसवल्यास ही जोडणी त्याला टिकू देणार नाही, कारण न्यूट्रलचा काही प्रवाह अर्थच्या मार्गाने परतेल. अनेक घरांत आरसीसीबी ‘सारखा पडतो’ म्हणून काढून टाकला जातो, तेव्हा त्यामागे बहुधा अशीच एखादी जोडणी किंवा ओला पंप असतो.

योग्य काम म्हणजे खालच्या मुख्य बोर्डापासून खोलीपर्यंत वेगळी हिरवी तार आणणे. भिंत फोडायची नसेल, तर बाहेरून पीव्हीसी केसिंगमधून आणावी. दिसायला बरे नसले, तरी चालते. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा आणि अर्थचा खड्डाही उघडून पाहावा. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात ओली असते आणि विजेला चांगली वाट देते, पण नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातील कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ती आक्रसते, तिला भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडभोवती पोकळी तयार होते. जानेवारीत चांगला वाटणारा अर्थ मे महिन्यात कमकुवत झालेला मी अनेकदा पाहिला आहे. कूलर नेमका त्याच महिन्यात चालू असतो. खड्ड्याला पाणी घालण्याचा पाइप असतो तो याचसाठी, पण घराभोवती फरशी घालताना तो बऱ्याचदा बुजवला जातो.

आरसीसीबीचा आग्रह का, तेही सांगतो. समजा, खड्ड्याचा रोध २० ओहम आहे. उपकरणाच्या शरीराला फेज लागला, तर जास्तीत जास्त ११.५ अँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी त्याने पडणारच नाही. सी वर्गाचा तो एमसीबी तत्काळ पडावा म्हणून ८० ते १६० अँपिअर लागतात, म्हणजे संपूर्ण मार्गाचा रोध दीड ओहमच्याही आत हवा. घरातल्या एका खड्ड्यावर ते उन्हाळ्यात साधणे अवघड आहे. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला मात्र २० ओहमचा अर्थही सहज पुरतो.

मानेवाडा_बेंच :

काम पूर्ण झाले आहे. मुख्य बोर्डापासून वेगळी हिरवी तार बाहेरच्या भिंतीवरून केसिंगमधून आणली. खड्ड्यातील क्लॅम्प गंजलेला होता, तो बदलला आणि पाण्याचा पाइप मोकळा केला. आता फेज ते अर्थ आणि फेज ते न्यूट्रल यांत जेमतेम दीड व्होल्टचा फरक आहे. मुंग्या पूर्णपणे थांबल्या. नवा आरसीसीबी कूलरचा पंप लावताच पडत होता. पंपाचे इन्सुलेशन खरोखरच गेलेले निघाले आणि तो टाकून दिला.

आता टेबलाकडे परततो. सप्लायची पट्टी काढावी की ठेवावी? आणि गेटचा तरंग व शंटचा प्रवाह एकाच वेळी पाहायचे असल्यास क्लिपा कुठे लावाव्यात?

ताम्रतार :

पट्टी काढून ठेवावी. टेबलावर अर्थ एकाच ठिकाणी सर्किटला लागला पाहिजे आणि स्कोप वापरात असताना ते ठिकाण स्कोपची क्लिप हेच असते. स्कोप वापरात नसेल आणि सप्लाय एकटाच चालत असेल, तेव्हा पट्टी लावल्याने सप्लायचे आउटपुट तरंगत राहत नाही, एवढा तिचा उपयोग आहे. पट्टी काढली म्हणजे सप्लायच्या शरीराचे अर्थिंग जात नाही. ते प्लगमधून कायम असते.

पट्टी निघाल्यावर दोन्ही क्लिपा सर्किटच्या ग्राउंडला, एकाच बिंदूजवळ लावाव्यात. दुसऱ्या चॅनेलचे टोक गेटवर राहील. पहिल्या चॅनेलचे टोक शंटच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे सप्लायच्या ऋण टर्मिनलला लावावे. वाचन ऋण येईल, म्हणून त्या चॅनेलवर इन्व्हर्ट चालू करावे. लॅपटॉपची यूएसबीसुद्धा सर्किटच्या ग्राउंडलाच येते, त्यामुळे चार्जर लावलेला असला तरी शंट झाकला जाणार नाही. पहिल्या चॅनेलमधून दुसरा चॅनेल वजा करण्याची सोयही स्कोपमध्ये असते आणि अर्थशी संबंध नसलेल्या दोन बिंदूंमधील फरक पाहायला ती चांगली आहे. मात्र १२ व्होल्टच्या दोन मोठ्या तरंगांतून काही मिलिव्होल्टांचा फरक काढायला आठ बिटांचा स्कोप तोकडा पडतो. आपल्या कामात तिची गरज नाही.

एक सवय लावून घ्यावी. कोणत्याही नव्या सर्किटला क्लिप लावण्यापूर्वी तो बिंदू आणि बीएनसीचे कडे यांमधील व्होल्टेज मल्टिमीटरने एसी आणि डीसी दोन्हींवर पाहावे. काही दिसले, तर १ किलोओहमचा रोध समांतर लावून पुन्हा पाहावे. तरीही व्होल्टेज टिकून राहिले, तर क्लिप लावू नये.

मानेवाडा_बेंच :

या पद्धतीने दोन्ही तरंग व्यवस्थित दिसले आणि शंटचे शिखर ५०० मिलिव्होल्टच मिळाले. मात्र मॉस्फेट चालू आणि बंद होताना प्रत्येक कडेवर टोकदार काटे दिसतात, तसेच तळाशी एक मंद लाट आहे. हाही अर्थिंगचाच दोष समजावा का?

लघुमंडल :

या दोहोंची कारणे वेगवेगळी असावीत. प्रथम स्कोपच्या ट्रिगरचा (तरंग पडद्यावर स्थिर धरण्याच्या सोयीचा) स्रोत एसी लाइनवर ठेवावा. तळाची लाट पडद्यावर स्थिर झाली, तर ती मेन्समधून येत आहे. लाटेचा आवर्तकाल २० मिलिसेकंद असेल, तर ती ५० हर्ट्झची, बहुधा लूपमध्ये सप्लायच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राने निर्माण झालेली असते. १० मिलिसेकंद असेल, तर दिष्टीकरणानंतरची लहर. पहिल्या प्रकारात लॅपटॉप बॅटरीवर चालवून किंवा यूएसबी आयसोलेटर लावून आणि तारा एकमेकींजवळ ठेवून लूपचे क्षेत्रफळ कमी केल्यास लाट घटते.

काट्यांसाठी प्रोबचे टोक प्रोबच्याच क्लिपेला लावावे आणि क्लिप सर्किटच्या ग्राउंडवर तशीच राहू द्यावी. आता वास्तविक शून्य दिसायला हवे. तरीही काटे दिसले, तर ते सर्किटात आहेत असे मानण्याला आधार नाही, ते मापनाच्या जोडणीत उमटत आहेत. १५ सेंटिमीटरच्या क्लिपच्या तारेचे इंडक्टन्स सुमारे १५० नॅनोहेन्री आणि प्रोबचे कपॅसिटन्स १२ पिकोफॅरड धरले, तर त्यांची अनुनाद वारंवारता १२० मेगाहर्ट्झच्या आसपास येते. जलद कडेला तेथे घुमणे स्वाभाविक आहे. प्रोबच्या डबीत एक छोटी स्प्रिंग असते, जी बहुतेक लोक डबीतच ठेवतात. लांब तार काढून ती टोकाजवळ बसवावी.

मानेवाडा_बेंच :

लाट २० मिलिसेकंदांची होती आणि लॅपटॉप बॅटरीवर जाताच ओळखू न येण्याइतकी कमी झाली. स्प्रिंग बसवल्यावर काटेही पूर्वीच्या एक दशांशाहून कमी उरले. शेवटचा एक प्रश्न आहे. पुढच्या कामासाठी धन आणि ऋण १२ व्होल्ट लागणार आहेत. सप्लायचे दोन्ही चॅनेल मालिकेत जोडताना पट्ट्यांचे काय करावे?

निवृत्त_परीक्षण :

दोन्ही पट्ट्या काढाव्यात. त्या तशाच ठेवून चॅनेल मालिकेत जोडले, तर दोन्ही चॅनेलची ऋण टर्मिनले अर्थवर एकत्र येतात. पहिल्या चॅनेलचे ऋण हेच दुसऱ्याच्या धनाला जोडलेले असल्याने दुसरा चॅनेल पूर्णपणे शॉर्ट होतो. पॅनेलवर करंट लिमिटचा दिवा लागतो आणि लोक सर्किटात दोष शोधत बसतात. दोन्ही चॅनेलचा मधला जोड हा आपला शून्य व्होल्टचा बिंदू समजावा आणि स्कोपची क्लिप फक्त तेथेच लावावी. प्रत्येक चॅनेलची करंट लिमिट प्रथम ५० मिलिअँपिअरवर ठेवून सर्किट सुरू करावे आणि दोन्ही बाजूंची व्होल्टेजे बरोबर असल्याची खात्री झाल्यावरच ती वाढवावी.